एकाच घरातली माणसं माहिती शोधताना इतकी वेगळी का वागतात?

दुपारचा_चहा

आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलंय आणि लेन्सचे पर्याय एका कागदावर लिहून दिलेत. मोनोफोकल, मल्टिफोकल, टोरिक आणि अजून एक एडॉफ की काय ते. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आता यातली कुठली घ्यायची याची माहिती काढायची एवढंच काम, पण त्यावरून घरात जे चाललंय ते बघून मला मोतीबिंदूपेक्षा या माणसांचंच कुतूहल वाटायला लागलंय.

दादाने लॅपटॉपवर इतके टॅब उघडलेत की त्यांची नावंसुद्धा दिसत नाहीत, वर एक्सेल शीट केलीय, कंपनी, देश, किंमत, वॉरंटी (लेन्सला वॉरंटी??) आणि तरी म्हणतो अजून पुरेसं वाचून झालं नाही. वहिनीने गूगलवर एकदाच टाकलं, वरचं पहिलं उघडलं आणि म्हणाली साधी मोनोफोकल घ्या, वाचायला चष्मा लागेल एवढंच, विषय संपला. बाबा इंटरनेटच्या वाटेलाच जात नाहीत, ते सोसायटीत कुणाकुणाचं ऑपरेशन झालंय ते आठवून एकेकाला फोन लावतायत आणि प्रत्येक फोन मोतीबिंदूवरून सुरू होऊन कुणाच्या तरी मुलाच्या लग्नावर संपतो. भाची फोनच्या माइकमध्ये बोलून विचारते आणि फक्त व्हिडिओ बघते. मी स्वतः किंमत बघायला बसले आणि थोड्या वेळाने वाचत काय होते तर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरॉल्ड रिडली नावाच्या सर्जनने डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग कसं बसवलं, महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या अ‍ॅक्रिलिकचे तुकडे घुसले तरी डोळा ते निमूट सहन करतो हे त्याला कसं दिसलं, वगैरे. भारी आहे सगळं, पण आईला त्याचा काय उपयोग! आणि खुद्द आई म्हणते मला यातलं काहीही सांगू नका, डॉक्टर बघतील काय ते.

तर प्रश्न असा की हा फरक येतो कुठून? स्वभाव, शिक्षण, वय, की नुसती सवय? यावर कुणी रीतसर अभ्यास केलाय का? लेन्सबद्दलचे सल्लेही चालतील, नाही असं नाही.

शनिवारी_सुट्टी

वहिनींना माझा नमस्कार सांगा. घरात असं एक माणूस असतं म्हणून निर्णय होतात, नाहीतर मोतीबिंदू आपोआप बरा व्हायची वाट बघत बसला असता.

काउंटरवरची_बाई

अभ्यास भरपूर झालाय, ग्रंथालयशास्त्रात तर हा आख्खा एक विषय आहे. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते, आता रिटायर्ड, त्यामुळे वेळ आहे आणि लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

यानिका हाइनस्ट्रॉम म्हणून संशोधक आहेत, त्यांनी फिनलंडमध्ये ऑबो अकादमी विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वभावाच्या चाचण्या आणि माहिती शोधायच्या सवयी शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या, २००२ च्या सुमाराचं काम आहे. त्यातून ढोबळ तीन तऱ्हा निघाल्या, वरवर भराभर चाळणारे, चौफेर हिंडणारे आणि एकाच जागी खोल उतरणारे. चौफेर हिंडणारे बहुतेक बोलके, नवीन कशाचीही उत्सुकता असलेले, त्यांना माहिती जाता-येता हाताला लागते, पुस्तकातून लागते तशी माणसांकडूनही लागते. भराभर चाळणाऱ्यांमध्ये चिकाटी कमी असा कल दिसला. तुम्ही आणि तुमचे बाबा हिंडणाऱ्यांतले, आणि दादा खोल उतरणाऱ्यांतला असं वरवर दिसतं खरं.

पण मला दादाबद्दल वेगळंच वाटतं. अमेरिकेत कॅरल कुल्थॉ यांनी १९८० च्या दशकात शाळेतल्या मुलांचा पाठपुरावा केला, निबंधासाठी माहिती शोधताना मुलांना काय काय वाटतं हे टप्प्याटप्प्याने नोंदवलं. आपली समजूत अशी की जितकं वाचू तितका आत्मविश्वास वाढतो. प्रत्यक्षात विषय ठरला की बरं वाटतं आणि वाचायला लागलं की आत्मविश्वास उलट कोसळतो, कारण एक जण म्हणतो हे, दुसरा म्हणतो ते. आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरलं की मगच तो गोंधळ ओसरतो. दादा त्या मधल्या टप्प्यात अडकलाय. त्याला अजून माहिती नकोय, त्याला एक प्रश्न हवाय, की आईला ऑपरेशननंतर चष्म्याशिवाय नक्की काय काय करायचंय.

काउंटरवर रोज हेच बघायचे मी. पोरगं यायचं, म्हणायचं मॅडम इतिहासाची पुस्तकं कुठे. कशासाठी हवीत रे? प्रोजेक्ट आहे. कशावर? मग हळूहळू बाहेर यायचं की त्याला त्याच्या गावातल्या गढीवर दोन पानं लिहायचीत आणि गावात कुणी धड सांगत नाही. आता इतिहासाच्या कपाटात ते पोर दिवसभर उभं राहिलं असतं तरी गढी सापडली नसती, त्याला जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे गावागावांची माहिती असलेला सरकारी ग्रंथ द्यायला हवा. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये हेच मांडलंय, की माणूस ग्रंथपालाला जे विचारतो ते त्याच्या खऱ्या गरजेचं तडजोड केलेलं रूप असतं, समोरच्या यंत्रणेत काय मिळेल असं त्याला वाटतं त्या बेताने तो प्रश्न कापून आणतो. गूगलच्या चौकटीत ही कापाकापी अजूनच वाढते कारण पलीकडून 'कशासाठी रे' म्हणून विचारणारं कुणी नाही.

आणि तुमच्या त्या रिडलीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मार्शा बेट्स यांनी १९८९ मध्ये लिहिलं की खऱ्या आयुष्यात शोध म्हणजे एक प्रश्न टाकला आणि एक उत्तर घेतलं असा नसतोच, माणूस रानात करवंदं वेचतो तसा वेचत जातो, इथे चार मिळाली, तिथे दोन, आणि एका जाळीपाशी पोचल्यावर पुढची जाळी दिसते. वाटेत प्रश्नसुद्धा बदलतो.

वहिनीचं राहिलं. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकातच म्हणून ठेवलंय की माणूस सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. त्याला आळस म्हणायचं कारण नाही.

खडूस_पंपवाला

मॅडमचा अनुभव मोठा आहे मान्य, पण हे तीन प्रकार पाच प्रकार पाडायची हौस मला कळत नाही. माझं शेतीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. मला इम्पेलर किंवा मेकॅनिकल सील शोधायचं असेल तर मॉडेल आणि साइज टाकतो, पहिल्या पानावर कुठली वेबसाइट टाकाऊ आहे ते उघडायच्या आधी कळतं, खटकन ऑर्डर देऊन मोकळा. म्हणजे मी झालो वहिनी. मुलाच्या इंजिनीयरिंगच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी कॅप राऊंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता तेव्हा मात्र मागचे कटऑफ, टेलिग्रामचे ग्रुप, रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ, एक म्हणतो ब्रांच बघा दुसरा म्हणतो कॉलेज बघा, फ्लोट आणि फ्रीझ म्हणजे काय तेच चार जणांनी चार तऱ्हेने सांगितलं, म्हणजे मी झालो दादा. आणि शेवटी ज्यांची मुलगी आधी त्याच वाटेने गेली होती त्या ओळखीच्यांना फोन केला, म्हणजे मी झालो बाबा. माणूस तोच, स्वभाव काय आठवड्यात बदलला? जिथे विषय येत होता तिथे दोन मिनिटांत उरकलं, नव्हता येत तिथे भटकलो. एवढं साधं आहे.

मागे त्या शिकण्याच्या शैलींचं पण असंच झालं होतं, हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, शिक्षकांची ट्रेनिंगं झाली त्यावर, आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी सगळे अभ्यास चाळून सांगितलं की ज्याची जी शैली तसं त्याला शिकवल्याने जास्त फायदा होतो याला धड पुरावा नाही. शोधायच्या शैलींचं वेगळं काही निघेल असं वाटत नाही.

रात्रपाळी

पंपवाले, अर्धं पटलं. विषयाची माहिती असली की सगळंच बदलतं, शब्द बदलतात, कुठल्या साइटवर जायचं ते बदलतं, कधी थांबायचं तेही बदलतं. पण विषय आणि स्क्रीन सगळ्यांना सारखी दिली तरी फरक उरतोच. फिनलंडमध्येच टॅम्परे विद्यापीठात २००५ मध्ये एक प्रयोग झाला, नजर टिपणारा कॅमेरा लावून सर्चचे निकाल लोक कसे बघतात ते मोजलं. काही जण वरचे दोन-तीन निकाल बघून लगेच एक उघडायचे नाहीतर शब्द बदलून परत सर्च करायचे, आणि काही जण आधी खालपर्यंत निम्म्याहून जास्त निकाल नजरेखालून घालून मगच क्लिक करायचे. तेच प्रश्न, तीच स्क्रीन.

दुसरं उदाहरण जुनं आहे, १९८७ चं, तेव्हा वेब नव्हतं. फाइलींच्या आत फाइली अशा रचनेत एक माहिती शोधायला लावली. ज्यांची मनातल्या मनात आकार फिरवून बघायची, दिशा आणि जागा धरून ठेवायची ताकद कमी होती त्यांना साधारण दुप्पट वेळ लागला, कारण आपण आत्ता कुठे आहोत तेच त्यांना कळेनासं व्हायचं. आता ही काय विषयाची माहिती नाही ना, आणि आळसही नाही. सरकारी वेबसाइटवर मेन्यूच्या आत मेन्यू, त्याच्या आत मेन्यू करणाऱ्यांना हे कुणीतरी फ्रेम करून द्यायला पाहिजे.

आणि काही फरक तर निव्वळ एखादी युक्ती माहीत असण्याचे असतात. गूगलमध्ये लोकांच्या शोधायच्या सवयींवर काम करणारे डॅन रसेल २०११ मध्ये सांगत होते की दहातल्या नऊ लोकांना पानावरचा शब्द शोधायला कंट्रोल एफ दाबायचं असतं हेच माहीत नसतं. आमच्या टीमलीडला मी अजून पीडीएफ डोळ्यांनी स्क्रोल करताना बघतो.

खडूस_पंपवाला

नजरेचं पटलं. कंट्रोल एफ मला पण आत्ताच कळलं, कॅटलॉगमध्ये लावून बघतो.

चष्मा_पुसून_घ्या

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात काउन्सेलर आहे, कुठल्या ते विचारू नका. रोज हेच काम, लेन्सचा तक्ता समोर ठेवून समजावून सांगायचं.

आधी आईंबद्दल, कारण त्यांचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. 'मला काही सांगू नका' म्हणणारे पेशंट अडाणी असतात असं घरच्यांना वाटतं, तसं अजिबात नसतं. सुझन मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात यावर काम केलंय. भीती वाटणारी गोष्ट समोर आली की काही माणसं सगळी माहिती गोळा करून धीर धरतात आणि काही माणसं तिकडे लक्ष न देऊन धीर धरतात. १९८३ च्या त्यांच्या अभ्यासात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी व्हायची होती अशा बायका होत्या, काहींना आधी भरपूर माहिती दिली, काहींना अगदी थोडी. स्वभावाला जुळेल तेवढी माहिती मिळाली त्यांचा ताण कमी राहिला, म्हणजे ज्यांना जाणून घ्यायचं नव्हतं त्यांना जबरदस्तीने सांगितलं तर त्रास वाढला आणि ज्यांना हवं होतं त्यांच्यापासून लपवलं तरी वाढला. तेव्हा आईंना कापतात कसं, टाके असतात का, व्हिडिओ बघ, हे काहीही नको. पण त्यांना आवडीनिवडीचं विचारा, ते त्या सांगतील. संध्याकाळनंतर बाहेर जाता का, गाडी चालवता का, पोथी किंवा पेपर किती वेळ वाचता, वाचताना चष्मा लावायचा कंटाळा येतो का, विणकाम-शिवण करता का.

आता दादांच्या एक्सेलबद्दल. टोरिक हा मोनोफोकलच्या शेजारचा वेगळा पर्याय नाहीच, टोरिक लेन्स सिलिंडरचा नंबर (डोळ्याच्या पुढच्या भागाचा बाक सगळीकडे सारखा नसला की लागतो तो) असेल त्यांच्यासाठी, आणि ती मोनोफोकलमध्येही येते, मल्टिफोकलमध्येही येते. म्हणजे तो रकानाच चुकीच्या जागी आहे, कितीही वाचलं तरी ती तुलना जुळणार नाही. मोनोफोकलने एका अंतरावरचं स्वच्छ दिसतं, बहुतेक लांबचं, जवळच्याला चष्मा लागतो. मल्टिफोकलने लांबचं-जवळचं दोन्ही दिसतं पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, अंधूक उजेडात थोडं फिकं वाटू शकतं, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असेल तर डॉक्टर सहसा नकोच म्हणतात. एडॉफ या दोन्हींच्या मधली, लांबचं आणि हाताच्या अंतरावरचं बरं दिसतं, अगदी बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो. सिलिंडर आहे का आणि पडदा ठीक आहे का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा, निम्मी शीट आपोआप रिकामी होईल.

दुपारचा_चहा

@चष्मा_पुसून_घ्या हे वाचून दादा पाच मिनिटं गप्प बसला आणि मग त्याने टोरिकचा रकाना उडवला, आमच्याकडे ही ऐतिहासिक घटना आहे. आईला सिलिंडर नाहीच असं जुन्या नंबरच्या कागदावर दिसतंय, तरी विचारू.

@काउंटरवरची_बाई गढीचा किस्सा फार आवडला. पण मग एक शंका, दादा नोकरी बदलताना, फ्रीज घेताना, सगळीकडे असाच करतो, विषय येत असला तरी. त्याचं काय?

शनिवारी_सुट्टी

त्याचं असं की सायमनसाहेबांनी सांगितलेली पुरेशावर थांबणारी माणसं असतात तशी सर्वोत्तमच हवं म्हणणारीही असतात, बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यासाठी प्रश्नावलीच केली. पुढे २००६ मध्ये नोकरी शोधणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर अभ्यास झाला, सर्वोत्तमच हवं म्हणणाऱ्यांना सुरुवातीचा पगार सरासरी वीस टक्क्यांनी जास्त मिळाला आणि तरी ते मिळालेल्या नोकरीवर कमी खूश होते. दादाला फ्रीज चांगलाच मिळत असणार, फक्त त्याला तो चांगला वाटत नसणार.

दुपारचा_चहा

अगदी. वर्ष झालं तरी त्याच फ्रीजची किंमत अजून चेक करतो.

पडताळणी

माझं काम व्हायरल झालेल्या गोष्टी खऱ्या की खोट्या ते तपासायचं, त्यामुळे इथे एक मुद्दा राहतोय तो टाकतो. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डमध्ये ४५ जणांना वेबसाइट तपासायला दिल्या, १० इतिहासाचे पीएचडीवाले, १० फॅक्टचेकर आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी, २०१७ मध्ये आलं ते. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पानं होती, नावं जवळपास सारखी, एक हजारो डॉक्टरांची जुनी मोठी संघटना आणि दुसरी तिच्यातून फुटून निघालेला ठरावीक मतांचा लहानसा गट. इतिहासकार आणि मुलं त्याच पानावर थांबून वरपासून खालपर्यंत नीट वाचत राहिले, लोगो बघितला, संदर्भ बघितले, आणि बरेच जण फसले. फॅक्टचेकर पानावर जेमतेम टेकले आणि लगेच नवीन टॅब उघडून या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला गेले, आणि त्यांचं उत्तर लवकरही आलं आणि बरोबरही आलं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की पंपवाल्यांच्या 'विषय येतो का' यात आणि मॅडमच्या 'स्वभाव कसा' यात ही माणसं बसत नाहीत. इतिहासकारांना वाचायचं शिक्षण कमी नव्हतं आणि फॅक्टचेकरांना मुलांचं औषधपाणी येत नव्हतं. ती शिकलेली सवय आहे. बाबा जे करतायत ना, चार ऑपरेशन झालेल्यांना फोन करणं, ते त्याच्या जवळचं आहे, फक्त ज्यांचं नीट झालं तेच उत्साहाने बोलतात आणि दुसऱ्याच्या डोळ्याचा पडदा वेगळा असतो एवढं धरून चालायला हवं. दादाचे टॅब किती आहेत ते महत्त्वाचं नाही, त्यातले किती लेन्स विकणाऱ्यांचे आहेत ते मोजा.

दुपारचा_चहा

मोजले. बोलायची सोय नाही.

विदर्भातला_ऊन्हाळा

सगळे माणसांच्या स्वभावावर बोलून राहिले, पण भाषेचं कोणी बोललंच नाही. 'मोतीबिंदू लेन्स किंमत' देवनागरीत टाकून पहा, मग तेच रोमन अक्षरांत मराठी टाकून पहा, मग इंग्रजीत 'कॅटरॅक्ट लेन्स' टाकून पहा, तीन वेगळ्या दुनिया दिसतात. माझी आई माइकवर मराठीत विचारते म्हणून तिला व्हिडिओच जास्त येतात, तिला वाचायचा कंटाळा आहे असं नाही, वाचण्यासारखं धड काही समोर येतच नाही तर करेल काय ती. भाचीचंही कदाचित तेच असेल.

शासन निर्णयांचं घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, जीआर शोधणं हा आमचा जोडधंदा. जुने बरेचसे कागद स्कॅन करून चढवलेले, म्हणजे आत फोटो आहे, अक्षर नाही, शब्द टाकून काय सापडणार. काही जुन्या फॉन्टात टाइप केलेले, डोळ्याला मराठी दिसते पण कॉपी करून पेस्ट केलं की कचरा. मग आम्ही शब्दाने शोधायचं सोडून दिलं, विभाग आणि तारीख लावून यादी काढतो नाहीतर कोणाकडून संकेतांक मिळवतो. आणि खरी पद्धत म्हणजे ग्रुपवर टाकायचं 'वरिष्ठ वेतनश्रेणीचा तो जीआर आहे का कोणाकडे', आणि केंद्रातले एक सर आहेत, ते झोपेतसुद्धा पीडीएफ पाठवतात. बाहेरच्याला वाटेल हे मास्तर लोक फोनाफोनी करतात, यांना शोधता येत नाही.

काउंटरवरची_बाई

@विदर्भातला_ऊन्हाळा हे अगदी खरं बोललात. माणसाची पद्धत म्हणून आपण जे बघतो त्यातला बराचसा भाग समोर काय ठेवलंय त्यावर ठरतो. आमच्याकडे मराठी पुस्तकांची नावं कंप्यूटरमध्ये रोमन लिपीत चढवलेली, एकाच लेखकाच्या आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं, मुलं सर्च करून सापडत नाही म्हणून थेट कपाटापाशी जाऊन हिंडायची. मला वर्षानुवर्षं वाटायचं यांना हिंडायलाच आवडतं!

आणि @पडताळणी, बरोबर आहे, सवय शिकवता येते. फक्त ती शिकवायला शाळेत तास नाही.

रात्रपाळी

जाता जाता कुणीतरी एक वाद सोडवा. बायको ईमेलचे फोल्डर करते, लाइट बिल वेगळं, सोसायटी वेगळी, मुलाची शाळा वेगळी, आणि मी सगळं इनबॉक्समध्ये तसंच ठेवून लागेल तेव्हा सर्च करतो. ती म्हणते मी बेशिस्त.

शनिवारी_सुट्टी

ईमेलच्या बाबतीत तू जिंकलास. २०११ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ३४५ लोक जुने ईमेल परत कसे शोधतात ते नोंदवलं होतं, फोल्डर करणाऱ्यांना ईमेल जास्त हमखास सापडतात असं काही निघालं नाही, फोल्डर लावण्यात गेलेला वेळ मात्र गेला तो गेलाच.

पण कंप्यूटरवरच्या फाइलींचं उलटं आहे, तिथे बायको एकटी नाही. सर्च कितीही सुधारला तरी बहुतेक लोक फोल्डर उघडत-उघडतच जातात. २०१५ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून बघितलं तर फोल्डरमधून वाट काढताना मेंदूचे तेच भाग कामाला लागतात जे आपण खऱ्या जागेत फिरताना वापरतो, आणि शब्द टाकून सर्च करताना भाषेचे भाग लागतात. म्हणून फोनवर कुणाशी बोलता-बोलता फोल्डर उघडता येतो, सर्चला शब्द सुचत नाही. तिला ईमेलचं सांग, फाइलींचं सांगू नकोस.

रात्रपाळी

ती हा धागा वाचतेय रे.